कवळी निघाली

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेची खोली संपली की एक अरुंद दार लागायचं. दारावर पाटी नव्हती. कधी काळी असावी, कारण चार खिळ्यांची भोकं होती. पण पाटी काय होती हे कुणाला आठवत नव्हतं. त्या दारामागे काका कवळ्या करायचे.

एकोणतीस वर्षं करत होते. त्या शहरातली निम्मी म्हातारी माणसं काकांच्या हातचं हसत होती, पण रस्त्यात समोर आली तर एकानेही काकांना ओळखलं नसतं. रोग्याची गाठ पडायची ती डॉक्टरांशी. डॉक्टर तोंडाचं माप घेत, ते भिंतीतल्या एका छोट्या खिडकीतून आत सरकवत, आणि काही दिवसांनी त्याच खिडकीतून दात बाहेर येत. खिडकीतून माणूस कधी बाहेर आला नाही, आणि काकांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसायची. दात करणाऱ्याचीच दातखीळ, हा विनोद दवाखान्यात इतका झिजला होता की आता त्यावर कुणी हसायचंही नाही. सगळ्या प्रसंगांना पुरून उरेल असा एक शब्द काकांनी जवळ ठेवला होता. "बरं." पगारवाढ पुढच्या वर्षी? बरं. रविवारी याल का? बरं. खोलीतला पंखा डॉक्टरांच्या केबिनला नेतो. बरं.

पण प्लास्टरला एक खोड असते. ते कालवून मापात ओतलं की आवळायला, म्हणजे घट्ट व्हायला, पाऊण तास घेतं. त्या पाऊण तासात त्याला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, घाई करायची नाही. दुसरा कुणी असता तर त्याने बिडी ओढली असती. काका खणातून कागद काढायचे, मेण कापायच्या सुरीने पेन्सिलीला टोक करायचे, आणि चित्र काढायचे. एका प्लास्टरात एक चौकट. दिवसाला तीन प्लास्टरं झाली तर तीन चौकटी. महिना-दीड महिन्यात आठ पानांचं एक कॉमिक्स तयार व्हायचं.

त्याची नायिका होती एक कवळी. एका अबोल म्हाताऱ्याची. म्हातारा दुपारी झोपला की ती पाण्याच्या ग्लासातून टुणकन बाहेर यायची, खिडकीतून उडी मारायची आणि टकटक चालत शहरभर फिरायची. म्हाताऱ्याने जन्मभर जे गिळलं होतं, ते सगळं ती ज्याच्या त्याच्या दारात जाऊन बोलून यायची. न्हाव्याला म्हणायची, "तीस वर्षं सांगतोय थोडेच काप, तुझं 'थोडे' कुठल्या शाळेत शिकलास?" शेजाऱ्याला म्हणायची, "शिडी नेऊन अकरा वर्षं झाली, चढलास तरी किती उंच?" एका अंकात ती एका बंद घराच्या पायरीवर नुसती बसून राहिली. त्या अंकात अक्षर नव्हतं. आणि तोच अंक वाचून वाचून पार फाटला.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीकडे तीस प्रती निघायच्या. काकू, म्हणजे काकांची बायको, घरी कपडे उसवून-शिवून द्यायची. ती पानं दुमडायची, चमच्याच्या दांड्याने घडी बसवायची आणि मध्यावर जाड दोऱ्याचे तीन टाके घालायची. चौथा मागितला तर मिळायचा नाही. "पुस्तक आहे, गादी नाही," असं तिचं म्हणणं. मग सकाळी दवाखाना उघडायच्या आत काका त्या प्रती बसायच्या खोलीत न्यायचे आणि टेबलावरच्या जुन्या मासिकांच्या खाली सारायचे. वर नाही, खाली. कुणाच्या नजरेला पडू नयेत आणि कुणाला तरी सापडाव्यात, अशा दोन्ही इच्छा एकाच वेळी पुऱ्या होतील अशी तेवढीच जागा त्यांना सुचली होती. पुस्तकावर नाव नसायचं.

शेवटच्या चौकटीत मात्र दर वेळी एकच गोष्ट असायची: कवळी, आणि तिच्या तोंडाशी बोलण्याचा एक रिकामा फुगा. त्यात काय लिहायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. असा नियम कुठे छापलेला नव्हता. पहिल्या अंकात काकांना तिथे काही सुचलंच नाही म्हणून तो फुगा रिकामा राहिला, आणि कुणीतरी तो भरून पुस्तक टेबलावर परत ठेवलं. तेव्हापासून ती रीतच पडली. लोक दातांच्या कळा सोसत बसलेले असायचे आणि लिहायचे. "मला एकटीला राहायला आवडतं, विचारू नका." "जावई घोरतो हे त्याच्या ऑफिसात कळवा." "डॉक्टर, दुखतंय म्हटलं की दुखतंय." संध्याकाळी काका त्या प्रती गोळा करायचे आणि घरी येऊन काकूला वाचून दाखवायचे. घरात ते इतकं कधीच बोलत नसत.

थोरले डॉक्टर होते तेव्हा त्यांनी एकदा काकांना पुस्तक सारताना पकडलं होतं. पान उलटलं, चष्म्यावरून पाहिलं. "ठेव की. चावत तर नाही ना?" एवढंच बोलले. ते जाऊन सहा वर्षं झाली. आता त्यांचा मुलगा होता. लहानपणी तो काकांच्या खोलीत येऊन बसायचा. त्याला काकांनी प्लास्टरचा डायनासोर करून दिला होता. पहिला केला तो त्याने परत दिला होता. "तोंड मिटलेला नको, काका. तोंड उघडा पाहिजे." मग दुसरा केला, सगळे दात दिसणारा. तो अजून धाकट्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये फडताळावर होता.

याच केबिनमध्ये एके दिवशी काकांना बोलावणं आलं. टेबलावर त्यांचा ताजा अंक पडलेला.

"बसा ना काका. हे तुमचं?"

नाकारायचं की कबूल करायचं हे ठरेपर्यंत काकांनी मान हलवलीही होती. कुठल्या बाजूला, ते त्यांनाही कळलं नाही.

"अहो, छुपे रुस्तम निघालात! इतकी वर्षं बोलला नाहीत ते? आपली जाहिरातीचं बघणारी आहे ना, ती म्हणाली हे सोनं आहे. नव्या शाखेच्या उद्घाटनाला वाटू. पाचशे प्रती. रंगीत, चकचकीत कागद. प्रेसमध्ये छापायचं, हे दोरेबिरे नाही."

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते, ते जरा मागे सरकले. पाचशे! रंगीत! खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात लाडू फुटले.

"फक्त थोडेसे बदल," डॉक्टर म्हणाले. "ती बाहेर जाऊन सगळ्यांशी भांडते, ते ठेवा. लोकांना आवडतं. पण शेवटी तिला पस्तावा झाला पाहिजे. रडते, माफी मागते, ग्लासात परत येते. काहीतरी चांगला संदेश जायला हवा ना?"

"कसला?" काकांच्या तोंडून गेलं.

"हाच, की आपापल्या जागी राहण्यात भलं असतं. कवळीचंसुद्धा." डॉक्टर हसले. "आणि हा फुगा बघा, लिहायचा राहिलाय."

"तो मुद्दाम..."

"असू दे, जागा वाया कशाला घालवायची? तिथे लिहा, 'दात सांभाळा, आम्हाला भेटा!' खाली फोन नंबर. आणि हो, यापुढे बसायच्या खोलीत हेच ठेवू. ते काळंपांढरं आता बंद करा. चकचकीत दवाखाना आणि टेबलावर झेरॉक्स, बरं नाही दिसत. ठीक आहे?"

काकांनी तोंड उघडलं.

"बरं," ते म्हणाले.

घरी काकू मशीनवर एका पँटची कंबर सैल करत होती. सगळं ऐकून तिने पाय थांबवला.

"बरं म्हणालात?"

"बरं म्हणालो."

"फुगा भरायला दिलात, आणि पुस्तक बंद करायलासुद्धा बरं म्हणालात?"

"त्यांचा दवाखाना आहे गं. आपलेच दात, आपलेच ओठ. लहानपणापासून पाहिलाय त्याला."

"साऱ्या गावाला दात बसवता," काकू म्हणाली, "एकदा कुणाकडून तरी स्वतःला 'नाही' म्हणायचा एक दात बसवून घ्या." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

काकांनी काढायला घेतलं. दर पान पुरं झालं की डॉक्टर त्यावर बरोबरची खूण करून सही करत. पहिलं पान, म्हणजे मुखपृष्ठ: उघडी खिडकी, रिकामा ग्लास, लांब रस्त्यावर पाठमोरी इवलीशी कवळी, आणि वर मोठ्या अक्षरांत "कवळी निघाली!" दुसऱ्यावर तिची खिडकीतून उडी. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यावर न्हावी, शेजारी आणि तिकीट खिडकीवरचा तो कायम जेवायला गेलेला माणूस. सहाव्यावर संध्याकाळच्या रस्त्यावर एकटी उभी. सातव्यावर पुढच्या दोन दातांमधून एक अश्रू: "माझं चुकलं. पुन्हा असं करणार नाही." आठव्यावर ग्लासात, आणि फुग्यात "दात सांभाळा, आम्हाला भेटा!"

अश्रू फार सुरेख उतरला होता. काकांना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटली. वाईट तरी काढता यायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. पण हात ऐकत नाही. एकोणतीस वर्षं ज्याने खोटे दात खरे दिसतील असे केले, त्याला खोटा अश्रूही खराच काढता येणार.

आठही पानं त्यांनी जेवायच्या टेबलावर मांडली. काकूने हात पुसले, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

"छान आहे," ती म्हणाली.

संसाराला चौतीस वर्षं झाली होती. काकूला एखादी गोष्ट आवडली की ती शंभर खोड्या काढायची. नाक वाकडं आहे, हात आखूड आहे, हा माणूस आहे की हँगर. "छान आहे" ती फक्त जिथे बोलण्यासारखं काही उरलं नाही तिथे म्हणायची. परक्यांच्या घरचे पडदे बघून म्हणायची.

ती आत गेली. काका पानांकडे बघत राहिले. टेबलाच्या वर, भिंतीवर, एक पिवळी पडलेली चिठ्ठी डकवलेली होती. काकूच्या अक्षरात. "पान म्हणजे तोंड नव्हे."

ही चिठ्ठी अकरा वर्षांपूर्वीची. काकांचा पहिला अंक निघाला तेव्हाची. दातांच्या कामात एक सवय हाडीमाशी खिळते: समोरच्याचा उजवा तो आपला डावा. रोग्याच्या उजव्या दाढा आपल्याला डाव्या हाताला दिसतात, आणि सारं काम त्या हिशेबाने उलटं करायचं असतं. पुस्तकाची पानं छपाईला जोडीजोडीने लावावी लागतात, एका कागदावर डावीकडे एक, उजवीकडे एक. काकांनी ती लावताना पुस्तकाला तोंड समजून लावली. प्रत्येक जोडीत डाव्याचं उजवीकडे, उजव्याचं डावीकडे. तीस प्रती निघाल्या, टाके पडले, आणि काकूने पहिली उघडली. पुस्तक शेवटाकडून सुरुवातीकडे जात होतं. "अहो," ती म्हणाली होती, "तुमचा म्हातारा आधी औषध पितो आणि मग आजारी पडतो." त्या दिवशी दोघं पोट धरून हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी ही चिठ्ठी लागली होती.

काकांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग हात पुढे केला आणि आठवं पान उचलून पहिल्याच्या जागी ठेवलं. सातवं दुसऱ्याच्या. सगळी पानं उलट्या क्रमाने लागली तेव्हा त्यांनी ती कुणा परक्याचं पुस्तक वाचावं तशी वाचली.

आधी ग्लासातली कवळी जाहिरात करत होती. मग रडत होती, माफी मागत होती. मग संध्याकाळी रस्त्यावर उभी राहून विचार करत होती. मग एकेकाच्या दारात जाऊन सुनावत होती. मग एकदा खिडकीतून उडी. आणि शेवटच्या पानावर, उघड्या रस्त्यावर पाठमोरी: "कवळी निघाली!"

एक रेघ बदलली नव्हती. एक अक्षर बदललं नव्हतं.

"ऐकतेस का?" त्यांनी हाक मारली. काकू येऊन उभी राहिली. तिने वाचलं. पहिल्यांदा तिचा ओठ हलला, मग खांदे.

"त्या अश्रूचं टोक जरा जाड झालंय," ती म्हणाली. काकांना हायसं वाटलं. "पण डॉक्टर विचारतील ना?"

"विचारलं तर म्हणेन चूक झाली. पूर्वीही झाली होती. सवयीने उलटी लागली."

काकूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हणजे मारायचं, आणि वर हात निसटला म्हणायचं."

काकांनी पानं गोळा करायला घेतली. तेवढं धाडस त्यांच्याकडे होतं, त्याहून जास्त नव्हतं. आणि ते तिलाही ठाऊक होतं.

प्रेसवाला मोठ्या आवाजाचा, शाईने काळ्या नखांचा माणूस. त्याने रिकाम्या कागदांची एक छोटी वही दुमडून दिली. "हिच्यावर आकडे घाला काका. कुठल्या पानामागे कुठलं. मी आंधळ्यासारखा हिच्याप्रमाणे लावतो. नंतर माझ्या नावाने शंख नको. सही करा."

काकांनी आकडे घातले. आठ, सात, सहा, पाच. सही केली. प्रेसवाल्याने वहीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"नक्की?"

"नक्की," काका म्हणाले. प्रेसवाल्यासमोर जमलं होतं.

गठ्ठे थेट नव्या शाखेत पोहोचले, उद्घाटनाच्या सकाळीच. फीत कापली गेली, भाषणं झाली, खुर्च्याखुर्च्यांवर पुस्तकं वाटली गेली. काका अगदी मागे, बुटांच्या रॅकपाशी उभे होते. पुढच्या रांगेत कवायतीचे एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांची कवळी बोलताना शिट्टी वाजवायची म्हणून दवाखान्यात सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. त्यांनी पुस्तक वाचलं आणि कवायतीच्या आवाजात शेजाऱ्याला सांगितलं, "च्यायला, भारी आहे हो! आधी जाहिरात, मग रडारड, मग भांडण, आणि मग पसार!" शेजारी हसला. मग त्याच्या शेजारची. हसू रांगेरांगेने मागे येत काकांपर्यंत पोहोचलं, आणि त्यांनी मान खाली घातली. पण डॉक्टरांनी पुस्तक उलटून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला, तेवढं काकांना दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका जुन्या दवाखान्यात आले ते खांद्याला कापडी पिशवी लावून. पिशवीत तीस प्रती होत्या. काळ्यापांढऱ्या, तीन टाक्यांच्या. रंगीत पानं चालली असताना उरलेल्या प्लास्टरांत काकांनी नवा अंकही पुरा केला होता. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. नेहमीसारखं लवकर येऊन तो मासिकांखाली सारावा असा बेत होता, पण त्या सकाळी पाय घरातूनच निघेनात. पोहोचेपर्यंत बसायची खोली भरली होती, आणि आत शिरताच निरोप आला: डॉक्टर बोलावतायत. काका पिशवीसकटच गेले.

डॉक्टर रागावलेले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"काका, काल काय झालं ते मला कळलं," ते म्हणाले. "पानं उलटी लागली. तुम्हाला सगळीकडे तोंडासारखं डावं ते उजवं दिसतं, बाबा सांगायचे हसत हसत. पण ही प्रेसची जबाबदारी होती. त्याने बघायला नको? मी त्याला फोन करतो, चूक तुझी आहे, सगळ्या प्रती स्वतःच्या खर्चाने परत छापून दे म्हणतो. विषय संपला. तुम्ही फक्त एवढंच सांगा त्याला, की तुम्ही पानं सरळ दिली होतीत."

सुटकेचं दार उघडंच होतं. इतकं उघडं की नुसता एक शब्द टाकला असता तरी काका बाहेर पडले असते. तो शब्द जिभेच्या टोकावर येऊनही बसला. रोजचा, झिजून गुळगुळीत झालेला.

काकांना प्रेसवाल्याची काळी नखं आठवली. आणि का कोण जाणे, रिकामा फुगा आठवला. या खुर्चीत ते जितक्यांदा बसले होते, तितक्यांदा त्यांच्या तोंडाशी तो तसाच रिकामा लटकत राहिला होता, आणि समोरच्याने आपल्या सोयीचं लिहून टाकलं होतं.

"नाही," काका म्हणाले.

आवाज इतका घोगरा आला की डॉक्टरांनी विचारलं, "काय?"

"नाही. प्रेसची चूक नाही. माझीही नाही. वहीवर आकडे मीच घातले. खाली सही आहे."

"म्हणजे... मुद्दाम?"

"मुद्दाम." एकदा निघालं तसं काकांना थांबता येईना. "एकेक पान तुम्ही पास केलेलं आहे, डॉक्टर. मी कशालाही हात लावला नाही. फक्त तिला ग्लासातून सुरू केलं आणि रस्त्यावर सोडलं. ती परत जाणारी नव्हती. अकरा वर्षं मी तिला ओळखतो."

"अहो, पण ते पुस्तक दवाखान्याचं होतं!"

"कागद दवाखान्याचा होता. ती माझी आहे."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या मागे, फडताळावर, प्लास्टरचा डायनासोर सगळे दात दाखवत उभा होता. काकांची नजर तिकडे गेली. डॉक्टरांचीही गेली, आणि त्यांनी ती पटकन परत आणली.

"हे बघा काका. तुमचा मान ठेवून सांगतो. हल्ली कवळ्या मशीनवर बाहेरून करून मिळतात. दोन दिवसांत. मला तसं करायचं नाहीये. पण हे असं चालू राहिलं तर मला विचार करावा लागेल."

काकांनी मांडीवरची पिशवी सावरली.

"करा विचार," ते म्हणाले. "तुमचा हक्क आहे. कवळ्या बाहेरून करून घ्या. पण पुस्तक मी बंद करणार नाही. बसायच्या खोलीत ठेवायचं तेही ठेवणार."

"मी काढून टाकीन."

"काढा. तुम्ही काढा, मी ठेवेन. तुम्ही रोज काढा, मी रोज ठेवेन. एकोणतीस वर्षं मी रोज वेळेवर येतोय, डॉक्टर. मला रोज करायच्या कामाचा कंटाळा येत नाही."

ते उठले. एवढं लांब वाक्य त्यांनी या इमारतीत कधी उच्चारलं नव्हतं, आणि आता पाय कुठे टाकायचे ते त्यांना कळेना. मागे त्यांच्या खोलीकडे जायचं दार डावीकडे होतं. ते उजवीकडच्या दाराने बाहेर पडले, बसायच्या खोलीत.

नऊ-दहा माणसं होती. गालाला रुमाल लावलेली एक बाई, मांडीवर पिशवी धरलेले एक जोडपं, कोपऱ्यात शिट्टीमास्तर. सगळ्यांनी वर पाहिलं, नंबर पुकारला का म्हणून. काका टेबलापाशी गेले. हात सवयीने मासिकांखाली गेला. मग त्यांनी तो बाहेर काढला, मासिकांचा सगळा ढीग उचलून खाली जमिनीवर ठेवला, आणि मोकळ्या टेबलावर पिशवी पालथी केली. तीस पुस्तकं पसरली.

"हे..." काकांनी घसा खाकरला. "हे माझं आहे. म्हणजे मी काढतो. चित्रं."

रुमालवाली बाई काकांकडे नुसती बघत होती. काकांचे कान तापले. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

"तुम्ही काढता?" शिट्टीमास्तर खुर्चीतून उठून पुढे आले. "आणि तुम्ही इथे कोण?"

"मी मागे असतो. कवळ्या करतो."

"थांबा थांबा. म्हणजे माझे दात तुम्ही केलेत?"

"हो."

"आणि हेसुद्धा तुम्हीच?"

"हो."

मास्तरांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मग सात वर्षं सापडला नाहीत कुठे? माझी तक्रार आहे! बोलायला गेलो की शिट्टी वाजते. नातवंडं धावत येतात, त्यांना वाटतं खेळायला बोलावतोय."

खोली हसली. रुमालवाली बाईही हसली आणि लगेच "आई गं" म्हणून गाल दाबला.

"दुपारी माझ्याकडे या," काका म्हणाले. "मागच्या दाराने. वरच्या दोन दातांमधली फट बुजवून देतो. पाऊण तास लागेल." थोडं थांबून म्हणाले, "प्लास्टर आवळेपर्यंत बसावं लागेल."

"बसतो की. मला काय काम आहे?" मास्तरांनी एक पुस्तक उचललं, सरळ शेवटचं पान उघडलं, आणि समाधानाने मान हलवली. "आहे. फुगा आहे. कालच्यात नव्हता, म्हटलं बंद केला की काय. पेन आहे का कुणाकडे?"

काकांनी खिशातलं पेन दिलं. जोडप्यातल्या बाईने एक प्रत उचलली, नवऱ्याने दुसरी उचलली आणि ती दिसणार नाही अशी तिरकी धरली. रुमालवालीने पर्समध्ये पेन्सिल शोधायला सुरुवात केली.

केबिनचं दार उघडलं. डॉक्टर दारात उभे राहिले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, जमिनीवरच्या मासिकांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काका जागचे हलले नाहीत. पुस्तकांवर हातही घातला नाही.

"पुढचा नंबर कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

कुणी उठलं नाही.

"माझा," शिट्टीमास्तर मान खाली घालूनच म्हणाले. "थांबा हो जरा डॉक्टर. एवढा फुगा भरू द्या."